अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आपले दार

आपल्या ह्या देशात गरोदर बाईला कोणी ‘मझाल तोव’ म्हणत नाही. तिला ‘बेशाआ तोवा’ म्हणतात. चांगल्या घटकेस होवो, एवढाच त्याचा अर्थ. बाळ हाती येईपर्यंत पुष्कळ घरांत पाळणा आणीत नाहीत, कपडेही दुकानातच राखून ठेवतात. पण ज्या बाळाने घटकाच पाळली नाही, दोन-अडीच महिने आधीच जे येऊन दाखल झाले, त्याच्या आईबापांना काय म्हणावे ह्याला ना हिब्रूत शब्द आहे ना मराठीत. लोक गप्प बसतात. काहीजण ‘वजन किती?’ एवढेच विचारतात, जणू बाजारहाट चालला आहे.

अशा बाळाला हिब्रूत ‘पग’ म्हणतात आणि इस्पितळातील त्यांच्या विभागाला ‘पगिया’. ‘पग’ म्हणजे अंजिराचे कच्चे फळ. शिर हाशिरीम ह्या ग्रंथात वसंत ऋतूच्या वर्णनात हा शब्द आलेला आहे. मराठीत आपण ‘अपुऱ्या दिवसांचे’ म्हणतो, आपल्या आज्या ‘सातमाशा’ व ‘अठमाशा’ म्हणत. आम्हांला हिब्रू शब्द अधिक बरा वाटतो. अपुरे म्हटले की कुणाच्या तरी हातून उणे पडले असे ऐकू येते, आणि ते बोट शेवटी आईकडेच वळते. फळ कच्चे असले तर झाडाला कोणी दोष देत नाही.

३७ आठवडे भरण्याच्या आत जन्मलेले बाळ ह्या वर्गात मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे दहांत एक. तेव्हा आपल्या समाजातही अशी घरे असणारच आणि आहेत. ह्या लेखाला निमित्त झाले ते अशाच एका घराचे. नावगाव सांगत नाही. तिसाव्या आठवड्यात जन्मलेला मुलगा सात आठवडे पगियात राहून घरी आला. आईबापांनी दारावर कागद लावला, हिब्रूत आणि मराठीत: दोन महिने कृपया भेटीस येऊ नये. मुलाच्या आजोबांची थोरली बहीण दोन बसगाड्या बदलून, हाताने शिवलेले टोपडे आणि डबाभर करंज्या घेऊन गेली होती. तिला जिन्यातच निरोप मिळाला. पुढल्या शब्बाथला प्रार्थनेनंतर तिने आम्हांला विचारले, “मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. सांगा, माझ्या भावाच्या नातवाला मी परकी झाले का?”

प्रश्न रागाने विचारलेला होता, पण प्रश्न खरा आहे. नव्या जिवाला पाहण्याचा आप्तांना हक्क आहे काय? आणि आईबापांनी दार लावून घेतले तर तो आप्तांचा अपमान ठरतो काय?

बाईंची बाजू आधी मांडू, कारण ती मांडणारे आता थोडे उरले आहेत. आपला समाज मोठा नव्हता. कोकणातील गावागावांत बेने इस्राएलांची दोन-चार घरे असत आणि एका घरचे मूल सगळ्यांचे असे. ह्या देशात आल्यावरही, १९५० व १९६० च्या दशकांत वाळवंटातल्या नव्या गावांत ज्या बायका बाळंत झाल्या त्यांना ना सासू जवळ होती ना माहेर. शेजारणींनीच पेज करून घातली, शेजारणींनीच दुपटी धुतली. ज्या बाईला जिन्यातून परत पाठवले तिने मूल पगियात असताना रोज तेहिलीम वाचले होते आणि एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोलली होती. आजाऱ्याचा समाचार घेणे हे आपल्या धर्मात पुण्यकर्म आहे. एवढे करूनही पाच मिनिटे तोंड पाहायला मिळू नये, हे मनाला लागले तर नवल नाही.

आता मुलाची बाजू. ती त्याला बोलून मांडता येत नाही म्हणून जरा सविस्तर मांडावी लागते.

पुष्कळांची समजूत अशी की इस्पितळाने सोडले म्हणजे मूल ठणठणीत झाले. तसे नाही. डॉक्टर सोडतात ते ठराविक गोष्टी जमू लागल्यावर. काचेच्या पेटीबाहेर, साध्या पाळण्यात, अंगाची ऊब टिकली पाहिजे. सगळे दूध तोंडाने घेता आले पाहिजे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ह्या तीन कामांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, त्याआधी नळीने दूध द्यावे लागते. वजन रोज थोडे थोडे चढले पाहिजे. आणि श्वास मध्येच थांबण्याचा जो प्रकार ह्या बाळांत असतो तो काही दिवस झालेला नसला पाहिजे. ह्यांतल्या कोणत्याही अटीचा अर्थ ‘आता चारचौघांत बसवा’ असा होत नाही.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. रोगाशी झुंजणारी जी शक्ती आई आपल्या रक्तातून मुलाला देते तिचा बहुतेक वाटा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पोचतो. जे मूल तिसाव्या आठवड्यात बाहेर आले त्याला ती शिदोरी बांधून मिळालीच नाही. फुप्फुसांतले बारीक कप्पेही शेवटच्या आठवड्यांत झपाट्याने वाढत असतात. म्हणून जो विषाणू आपल्या नाकाला दोन दिवस पाणी आणतो, तोच विषाणू हिवाळ्यात अशा बाळाला पुन्हा इस्पितळात नेतो. १९९८ पासून काही बाळांना हिवाळ्यापुरती संरक्षक सुई देता येऊ लागली व आता त्याहून सोयीची सुईही निघाली आहे. पण ती एका विषाणूसाठी. डांग्या खोकला, फ्लू, साधे पडसे, ह्यांची वाट आपल्या हातांतून आणि श्वासातूनच जाते. बाईंना त्या दिवशी खोकला नव्हता हे खरे. पण दोन बसगाड्यांतल्या कोणाला होता हे त्यांना तरी कसे कळावे?

ह्यावर काही म्हातारी माणसे म्हणतात, आमच्या वेळी कुठे होती ही सोवळी-ओवळी? आमचे म्हणणे उलट आहे. तुमच्या वेळीच ती जास्त होती. बाळंतिणीची खोली आठवा. अंधारी, दार लोटलेले, कोपऱ्यात शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी. बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय, अंगावरचा गारठा जाईपर्यंत बसल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. पुरुषांनी तर उंबऱ्याबाहेरूनच बोलावे. तोरेतही बाळंतिणीचे दिवस मोजून दिले आहेत: मुलगा झाल्यास ७ आणि ३३ मिळून ४०, मुलगी झाल्यास १४ आणि ६६ मिळून ८०. त्याची कारणे वेगळी, शुद्धीची आहेत, हे आम्ही जाणतो. पण बाळंतपण हा काही काळ वेगळा राखायचा आहे हे आपल्या घरांना कोणी नव्याने शिकवायला नको होते. दृष्ट लागू नये म्हणून आजी बाळाला झाकून ठेवी, जंतू लागू नयेत म्हणून डॉक्टर सांगतात. दोघांचे दाराबाबत एकमत आहे. मतभेद आहे तो काजळाबाबत, आणि तेथे आम्ही डॉक्टरांच्या बाजूचे आहोत. काही काजळांत शिसे सापडलेले आहे. धुरीबाबतही तसेच. कच्च्या फुप्फुसांना धूर नको, मग तो ओव्याचा असो की सज्जात उभे राहून ओढलेल्या सिगारेटचा.

सातमाशा मूल त्या काळी कापसात गुंडाळून ठेवीत, बोंडल्याने किंवा कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजीत. त्यांतली काही जगली, आणि जगली त्यांच्या गोष्टी आपण ऐकतो. जी गेली त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नसे.

का सांगत नसे, हा प्रश्न ह्या विषयाच्या गाभ्याशी जातो असे आम्हांला वाटते. आपल्या शास्त्राप्रमाणे तीस दिवस न जगलेले मूल ‘नेफेल’ धरले जाते; त्याच्यासाठी शिव्हाह पाळण्याचा रिवाज नाही. पहिल्या मुलाचा पिद्योन हाबेनही ३१ व्या दिवशी असतो. तल्मूदात तर आठव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाबद्दल फार कठोर वचन आहे: ते जगणार नाही असे धरून, शब्बाथला त्याला दगडाप्रमाणे समजावे, हलवू नये. सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूत जुन्या ग्रीक वैद्यांत होती आणि आपल्या मराठी मुलखातही होती. आज कोणत्याही पगियात विचारा, आठव्यातले मूल सातव्यातल्याहून सुदृढ असते. आणि आजचे धर्मनिर्णयही बदललेले आहेत. अशा बाळाचा जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा ह्यात आता वाद नाही. पण त्या जुन्या वचनाला लागूनच एक सवलत आहे: आईने बाळावर ओणवून त्याला दूध पाजावे, धोक्यामुळे. उचलायचे नाही, पण वाकून पाजायचे. पंडितांनी त्याचा काय अर्थ लावायचा तो लावो. आम्हांला त्यात एवढेच दिसते की नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते, आई ओणवल्याशिवाय राहणार नाही.

जुन्या लोकांना निष्ठुर म्हणण्याचे आम्हांला धाडस होत नाही. ज्या घरात पाचांतली दोन मुले जात, तेथे प्रत्येकासाठी सात दिवस जमिनीवर बसले असते तर घर चालले नसते. तीस दिवस प्रेम आखडून धरणे ही त्यांची ढाल होती. परंतु प्रेम खरोखर तीस दिवस थांबे काय? आम्हांला नाही वाटत. फक्त बोलणे थांबे, आणि आईला एकटीने रडावे लागे. आजच्या तरुण आईबापांचे बंद दार पाहिले की आम्हांला त्यामागे ही जुनी भीतीही दिसते. जंतूंची भीती तर आहेच, पण त्याहून खोल एक आहे: अजून कोणाला दाखवू नये, अजून खात्री नाही. हे ते कबूल करणार नाहीत. पगियात सात आठवडे यंत्राच्या टिकटिकीकडे कान लावून बसलेल्या माणसाला घरची पहिली शांत रात्र कशी जाते, ते त्यांनाच विचारावे. यंत्र नाही, परिचारिका नाही, आणि दर दहा मिनिटांनी उठून छातीवर हात ठेवून पाहायचे. अशा घरात पाहुणा म्हणून जाऊन “अगो, किती बारीक!” असे म्हणणे हे प्रेमाचे काम नाही.

उलटही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही पक्षपात केला असे होईल. दार लावण्यातही माणसांनी अतिरेक केलेला आहे. काचेची पेटी प्रचारात आली ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात, १८८० च्या सुमारास. स्टेफान तार्निए ह्या डॉक्टरांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून ती बनवून घेतली. पुढे अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या आपल्याच यहुदी गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत अशा बाळांचे प्रदर्शन मांडले. होय, प्रदर्शन. पंचवीस सेंटांचे तिकीट काढून लोक पेट्यांतली बाळे पाहत. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या काळी बहुतेक इस्पितळांनी ह्या मुलांवर पाणी सोडले होते, आणि कूनी आईबापांकडून एक पैसाही घेत नसत. दाई-परिचारिकांचा पगार आणि दुधाचा खर्च तिकिटांवर चाले. त्यांची स्वतःची मुलगीही अपुऱ्या दिवसांची होती. म्हणजे परक्या गर्दीने, काचेपलीकडे उभे राहून का होईना, हजारो मुले जगवली. आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण पाहणारी माणसे ही नेहमी उपद्रवीच असतात असा समज होऊ नये.

मग इस्पितळांनी हे काम हाती घेतले आणि जंतूंच्या धास्तीने आईलाच बाहेर ठेवले. कित्येक वर्षे आयांनी आपली मुले काचेतून पाहिली. जास्त प्राणवायू दिल्याने १९४० व ५० च्या दशकांत पुष्कळ मुलांची दृष्टी गेली, ते कारण १९५४ च्या सुमारास उलगडले. चांगल्या हेतूने केलेली गोष्टही मोजून करावी लागते. १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि फुप्फुसांच्या विकाराने ३९ तासांत गेला. सत्ता आणि पैसा दोन्ही असून. आज तसे मूल बहुधा काही आठवड्यांत घरी जाते. आणि १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा येथे, जेथे पेट्याच पुरेशा नव्हत्या, एडगार रे सानाब्रिया ह्या डॉक्टरांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूप्रमाणे. ऊब राहिली, दूध आले, जंतुसंसर्ग कमी झाला. गरिबीतून निघालेली ही युक्ती आता श्रीमंत देशांच्या पगियांत भिंतीवर चित्रे लावून शिकवतात, बापांनासुद्धा.

ह्या साऱ्यावरून आमचे मत असे बनले आहे की दार उघडे की बंद हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाला आत घ्यायचे हे नात्याच्या जवळिकीवर ठरवू नये, बाळाला कोणाचा उपयोग आहे त्यावर ठरवावे. ठाण्याहून किंवा मुंबईहून तीन महिन्यांसाठी आलेली आजी, जी लस टोचून घेते, हात धुते, रात्रीचे एक दूध आपल्या अंगावर घेऊन सुनेला चार तास झोपू देते, ती पाहुणी नव्हे. तिला कागद दाखवणारा मुलगा आम्हांला भेटला तर आम्ही त्याचा कान धरू. आणि सख्खा मामा असला तरी जो नुसता फोटो काढायला येतो त्याने जिन्यातच थांबावे. हे ऐकायला सोपे आहे. मामाला सांगायला कठीण. म्हणून हे सांगण्याचे काम बाळंतिणीवर टाकू नये. घरातल्या वडील माणसाने, आजोबाने, ते पुढे होऊन करावे आणि राग आपल्या डोक्यावर घ्यावा. त्याच्याशी भांडून कोणी फार दिवस टिकत नाही.

एका माणसाची बाजू अजून कोणीच मांडलेली नाही. ती म्हणजे घरातले मोठे भावंड. चार वर्षांची मुलगी, जिची आई सात आठवडे रोज सकाळी इस्पितळात जात होती आणि संध्याकाळी दमून येत होती. आता बाळ घरी आले तर तिला सांगतात, हात लावू नकोस, तू गानमधून सर्दी आणतेस. सर्दी ती आणते हे खरेच आहे. तिला दोन महिने गानला पाठवू नये काय? काही डॉक्टर हिवाळ्यापुरते तसे सुचवतात. पण एका लेकराच्या फुप्फुसांसाठी दुसऱ्या लेकराने किती भरावे? आम्ही शाळेत आयुष्य काढले, ह्याचा हिशोब आम्हांला नेमका करता आलेला नाही. एवढे मात्र पाहिले आहे की ज्या मुलीला घरी आल्याबरोबर हात धुऊन, कपडे बदलून, बाळाच्या पायांना तेल लावण्याचे काम दिले, ती नुसती ‘दूर हो’ ऐकणाऱ्या मुलीपेक्षा बरी राहिली. तोंडाजवळ जायचे नाही, पाय तिचे. आप्तांना खरोखर काही करायचेच असेल तर ते येथे आहे: तिला गानला पोचवा, आणा, बागेत न्या, शनिवारी दुपारी आपल्या घरी ठेवून घ्या.

वयाबद्दलही थोडी समज हवी. तिपत हलावमध्ये लस देतात ती जन्मतारखेपासून मोजून, पण वाढ मोजतात ती जेव्हा जन्मायला हवे होते त्या तारखेपासून, साधारण दोन वर्षांपर्यंत. म्हणून सहा महिन्यांचे दिसणारे मूल कागदावर आठ महिन्यांचे असेल. “अजून बसत नाही?” असे विचारू नये. मिलाहही आठव्या दिवशी होत नाही, मूल सुदृढ होईपर्यंत थांबतात, आणि अशी लांबलेली मिलाह शब्बाथला करीत नाहीत. ही सवड शास्त्राने स्वतःहून दिलेली आहे. मग भेटीला का असू नये?

आता बाईंच्या मलिद्याचे. नवस बोललेला, तो मूल घरी आल्यावर फेडायचा. मूल ज्या घरी आहे त्या घरी पन्नास माणसे बोलवायची नाहीत. काहींचे म्हणणे, मूल नसेल तर तो मलिदा कोणाचा? आम्ही बाईंना म्हटले की नवस एलियाहू हन्नाबीच्या नावाने बोलला होता, आणि मिलाहच्या वेळी आपण त्याच्यासाठी रिकामी खुर्ची ठेवतो तेव्हा तो दिसत नाही म्हणून ती उचलून ठेवीत नाही. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तारीख विचारली. मलिदा प्रार्थनामंदिराच्या दालनात झाला. भिजवलेल्या पोह्यांत नारळ, गूळ, वेलची, वर फळे, आणि बाप एकटा आला, तोही अर्ध्या तासासाठी. तो निघाला तेव्हा बाईंनी त्याच्या हाती झाकलेले ताट दिले, वर ते टोपडे धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून. बजावले की आधी एकदा उकळत्या पाण्यातून काढ. आणि टोपडे मोठे होईल, महिनाभर थांब, असेही.